खंडेनवमीचं कोमट पाणी

आमच्या गावात फोन फक्त आमच्या घरी होता, म्हणून कॉम्प्युटरही आमच्याच घरी आला. घाटनांदूरच्या रस्त्यावरून आत वळणाऱ्या फाट्यावर उतरलं की पहिलं घर आमचं. पुढच्या अंगाला अण्णांचं किराणा दुकान, दुकानाच्या कोपऱ्यात पिवळ्या पेटीतला पीसीओ, शेजारी खताची पोती ठेवायची खोली, आणि मागे आम्ही सगळे. अण्णा म्हणजे माझे वडील. दुकान नावाला, खरा जीव त्यांचा ओढ्यापलीकडच्या कोरडवाहू तुकड्यात आणि बैलांत. आम्ही लिंगायत. अण्णांचा दिवस गळ्यातल्या लिंगाच्या पूजेनं उजाडायचा. डाव्या तळहातावर लिंग ठेवायचं, त्यावर तांब्यातून पाण्याची बारीक धार सोडायची, भस्म लावायचं आणि डोळे मिटून बसायचं. तेवढा वेळ घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही आणि चुलीवरचा चहा कितीही उकळला तरी तो गाळायचा नाही. पाणी बाराही महिने कोमट लागायचं. थंडीत ठीक आहे, पण वैशाखात कशाला, असं मायनं एकदा कुरकुरत विचारलं तर म्हणाले, "लेकराला न्हाऊ घालताना तू गार पानी घेतीस का?" अण्णांच्या लेखी ज्याला मान द्यायचा त्याला पाणी घालायचं. पोळ्याला बैलांना, दारात आलेल्या जंगम स्वामींच्या पायांवर, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, नांगर, वखर, तिफण, कोळपं, खुरपी, विळे, दुकानातला तराजूसुद्धा. पाण्याशिवाय पूजा ही गोष्ट त्यांना कधी पटलीच नाही. हे एवढं लांबण लावून सांगते आहे, कारण पुढचं सगळं या पाण्यावरच येऊन थांबणार आहे.

आक्का, म्हणजे मंगल, माझी थोरली बहीण. अंबाजोगाईला बारावीपर्यंत शिकली, पहिल्या झटक्यात पास झाली आणि तिथेच तिचं शिकणं थांबवून तिला धारूरकडच्या एका वाडीत देऊन टाकलं. घर बघायला चांगलं होतं, माळवदाचं, दारात ट्रॅक्टर. आत काय होतं ते आक्का परत आली तेव्हा तिच्या पाठीवर दिसलं. न्हाणीत मी तिच्या पाठीला साबण लावायला गेले आणि माझा हातच पुढे होईना. तिनं मागे न बघताच सांगितलं, "लाव की. दुखत न्हाई आता." मायला माहीत होतं, अण्णांना माहीत होतं, सगळ्या भावकीला माहीत होतं. तरी सणावाराला कुणी ना कुणी विचारायचंच, पोरगी कधी नांदायला जाणार? त्यात मी उजवायला आलेली. थोरली माहेरी बसलेली असली की धाकटीला स्थळ येत नाही, हे मला तर भावकीतली कुणी ना कुणी बाई रोजच ऐकवायची. आजही त्या बायकांपैकी एकदोघी भेटतात, प्रेमानं तोंडावरून हात फिरवतात, आणि माझ्या मनात अजून त्यांच्याविषयी काही बरं येत नाही. वयानं माणूस निवळतो म्हणतात. मी काही निवळले नाही.

तर दिवाळी झाल्यावर अंबाजोगाईच्या एका संस्थेची जीप आली. गावोगावच्या शेतकऱ्यांना कॉम्प्युटरवर मोंढ्यातले बाजारभाव, हवामान, पिकावरच्या रोगांची माहिती बघता यावी आणि ती त्यांची त्यांना बघायला शिकवावी, अशी त्यांची योजना होती. फोनची लाईन पाहिजे आणि बारावी शिकलेलं कुणीतरी पाहिजे. गावात दोन्ही एकाच छताखाली होतं. संस्थेच्या सरांनी आक्काला महिनाभर अंबाजोगाईला शिकायला नेलं, खताची पोती पडवीत गेली, खोलीला चुना मारला, आणि टेबलावर ते धूड येऊन बसलं. पहिल्या दिवशी गाव लोटलं. माणसं चपला बाहेर काढून आत यायची, हात जोडायची आणि भिंतीला टेकून उभी राहायची, जणू आत कुणी बाळंतीण आहे. लाईन जोडताना त्या पेटीतून जो आवाज निघायचा, डबा फरशीवर घासावा तसा किर्र-खर्र, त्यानं गोठ्यातली कपिली गाय कान टवकारून दाव्याला हिसके द्यायची. माय पदरानं कान झाकून म्हणायची, "ह्याचं पोट दुखतंय का काय गं?"

आक्काची शिकवायची एक तऱ्हा होती आणि तिच्यावरून रोज भांडण व्हायचं. ती कुणालाही काही वाचून दाखवायची नाही. तुरीचा भाव पाहिजे? बस खुर्चीवर, धर माऊस, हुडक. शेतात नांगराचा रुमणा दाबणारे हात तो माऊसही तसाच दाबून धरायचे, पडद्यावरचा बाण भलतीकडे पळायचा, आणि मागे उभी असलेली मंडळी बैल बुजल्यासारखी "हो, हो, हो" करून ओरडायची. कासाबाई म्हणून एक विधवा बाई होती, स्वतःचं रान स्वतः कसणारी, तोंडानं फटकळ. ती पहिल्या दिवशी वैतागून म्हणाली, "मंगल, तुला वाचता येतंय, तू सांग ना बाई. माझा कावून जीव खातीस?"

"म्या आज सांगंन, काकू," आक्का म्हणाली, "उद्या म्या नसले तर? मग पुन्हा आडत्या म्हनंल तो भाव. बसा. हात तुमचा, डोळा तुमचा."

कासाबाई बसली. शिव्या देत बसली, पण बसली. आणि पुढे पुढे तर अशी सरावली की दुसऱ्यांना शिकवताना आक्कासारखीच खेकसायला लागली. मराठीत मजकूर तेव्हा थोडाच असायचा, जास्त करून इंग्रजी. आक्का दुपारी जेवणं झाली की डिक्शनरी मांडीवर घेऊन ओळ न् ओळ मराठीत उतरवायची, ते पुन्हा कॉम्प्युटरवर टंकून ठेवायची, म्हणजे लोकांना त्यांच्या भाषेत सापडेल. रोजचे भाव ती बाहेरच्या फळ्यावरही खडूनं लिहायची, पण मुद्दाम फक्त आदल्या दिवशीचे. आजचे पाहिजेत तर आत या. तिच्या बोटांना सदा खडू लागलेला असायचा आणि मी तिला इतकी खूश कधीच बघितली नव्हती, लग्नाआधीही नाही.

नाखूश होते ते फक्त अण्णा. कॉम्प्युटर चालू असला की फोन बंद, आणि फोन बंद की पीसीओला आलेलं गिऱ्हाईक ताटकळत उभं. "लाईन त्यो डबा खातोय," असं ते दिवसातून कैकदा दुकानातून ओरडायचे. त्या खोलीत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. पण त्याच हिवाळ्यात तूर फुलावर आली आणि घाटेअळीनं धरली. फवारे मारून झाले, अळी हटेना. औषधवाला म्हणाला, याच्याहून जहाल आलंय, ते मारा. अण्णा शेतातून आले ते डोक्याला हात लावून पडवीत बसले. आक्का बाहेर आली आणि म्हणाली, "अण्णा, आत येऊन बसा." ते म्हणाले, "तूच बघून सांग." ती म्हणाली, "म्या न्हाई सांगनार. तुमी वाचा." सगळ्यांसमोर बापाला असं म्हणणं! पण अण्णा उठले, चष्मा लावला आणि खुर्चीवर बसले. पोथी वाचावी तसं एकेका अक्षरावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागले. झाडाखाली पोतं अंथरावं, झाड धरून हलकेच हलवावं, पडलेल्या अळ्या गोळा करून नष्ट कराव्यात, निंबोळीचा अर्क फवारावा. वाचून झाल्यावर त्यांनी पडद्याच्या मागे डोकावून बघितलं आणि म्हणाले, "येवढंच?"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही सगळे तुरीत. अण्णा झाड हलवायचे आणि पोत्यावर अळ्या टपटप पडायच्या, हिरव्या, लठ्ठ, बघून अंगावर काटा यायचा. माय पोतं धरता धरता देवाचं नाव घेत होती आणि त्या अळ्यांना शिव्याही देत होती. सगळी तूर वाचली असं नाही, पण घरापुरती आणि विकण्यापुरती हाती आली. त्या दिवसांत आमच्याकडे रोज हिरव्या तुरीच्या दाण्यांची आमटी व्हायची, लसूण आणि तीळ कुटून घातलेली, आणि अण्णा ती ओरपता ओरपता दर जेवणाला आक्काकडे बघून म्हणायचे, "काय, डब्बा काय म्हनतोय आज?" तिला त्याहून मोठी शाबासकी मिळाली नव्हती. पुढे तर पीसीओला आलेल्या गिऱ्हाइकाला तेच सांगायला लागले, "दम धर जरा, लाईन मोकळी न्हाई, लोकं शिकतेत." आणि उन्हाळ्यात धारूरकडचा आक्काचा सासरा दोन माणसं घेऊन तिला न्यायला आला, तेव्हा अण्णा दुकानाच्या पायरीवर उभे राहिले, त्यांना आत या असंही म्हणाले नाहीत. "पोरगी रिकामी न्हाई," म्हणाले. "गावाचं काम हाय तिच्याकडं. ते सोडून न्हाई येता यायचं." आत आक्का भाकरी थापत होती. ते ऐकता ऐकता ती थापतच राहिली आणि ती भाकरी परातीएवढी झाली. तव्यावर मावेना. आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसलो. कॉम्प्युटर आहे तोवर आक्का आपली, हे मला त्या दिवशी कळलं.

मग खंडेनवमी आली. सकाळी आक्का आणि मी फुलं आणायला शेतात गेलो. झेंडू बांधावरचा आणि कारळं फुलात आलेलं, सगळा पट्टा पिवळा. आक्का गाणं गुणगुणत होती. पदराचे ओटे भरून घरी आलो तर अंगणात अण्णांनी नेहमीसारखी रांग मांडलेली. नांगर, वखर, तिफण, कोळपं, खुरपी, विळे, तराजू, सगळी धुऊन ओली, सगळ्यांवर भस्माचे पट्टे. घरातून पुरण शिजल्याचा वास येत होता. आणि रांगेच्या शेवटी, जेवायला पाहुणा बसवावा तसा चांगला सागवानी पाट मांडून त्यावर कॉम्प्युटर. पडदा, पेटी, टंकायची पाटी, माऊस. सगळ्यातून पाणी निथळत होतं. पेटीच्या फटींतून थेंब थेंब गळत होतं. पडद्यावर भस्माची तीन बोटं ओढलेली, अण्णा स्वतःच्या कपाळावर ओढायचे तशी. अण्णा ओल्या धोतरानं उभे होते, हातात पूजेचा तांब्या, आणि त्यांच्या तोंडावर असा आनंद की मला आजही लिहिताना थांबावं लागलं.

"ह्यानं बी औंदा शेतात काम केलंय," अण्णा म्हणाले. "ह्याला कावून वगळायचं? कोमट पानी घेतलं बरं का, मंगल. नाजूक चीज हाय."

मी तोंड उघडलं होतं. आक्कानं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी पिचली. मग ती पुढे गेली, ओट्यातली फुलं पाटावर वाहिली, झेंडूची एक माळ पडद्यावर घातली आणि हात जोडले. "लई चांगलं केलं, अण्णा," म्हणाली. तिचा आवाज जराही हलला नाही. खंडेनवमीला अवजाराला काम लावायचं नसतं, म्हणून त्या दिवशी कुणी त्याला हात लावायचा प्रश्न नव्हता. आम्ही ते उन्हात वाळू दिलं. आक्का सारखी येऊन पेटीवर हात ठेवून बघायची, ताप बघावा तसा. जेवताना पुरणपोळीवर अण्णांनी तिला स्वतःच्या हातानं तूप वाढलं. दसरा झाल्यावर तिनं बटण दाबलं. आतून चट्ट असं वाजलं, जळका वास आला, आणि संपलं.

आठवड्यानं संस्थेचे सर आले. अण्णा दुकानात गूळ फोडत होते, मधल्या भिंतीला खिडकी, सगळं ऐकू जात होतं. "काय झालं?" सरांनी विचारलं. आक्का म्हणाली, "लाईट कमीजास्त झाली, सर. एकदम मोठी आली." सरांनी पेटी उघडली, आत बोट फिरवलं, बोटाला पांढरं लागलं. "हे काय?" "खडू, सर," आक्का म्हणाली. "फळ्याचा. बसतो उडून." सर तिच्याकडे बघत राहिले. चांगला माणूस होता. "बघ," म्हणाले, "काही सांडलं-लवंडलं असेल तर सांग. माणसाच्या हातून होतं, त्याला दुसरं मशीन देता येतं. पण लाईटच अशी असेल तर वरचे लोक या गावात पुन्हा देणार नाहीत. केंद्र हलवावं लागेल." त्यांनी दार उघडून दिलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. पलीकडे गूळ फोडल्याचा आवाज थांबला होता. आक्का म्हणाली, "लाईटच होती, सर."

मी तिच्याशी भांडले. कापूस वेचताना भर शेतात ओरडले, की सांगून टाक, अजून वेळ गेलेली नाही, तुला तिकडं परत जायचंय का मरायला? ती वेचत राहिली. मग म्हणाली, "नंदे, गाव काय म्हनलं असतं? म्हाताऱ्यानं कॉम्प्युटर धुतला. दुकानावर येणारं पोरगं-सोरगं हसलं असतं त्यांना, जल्मभर. आणि त्यांनी का धुतला? त्या दिवशी त्यांनी माझ्या कामाला हात जोडले गं. आपल्यात कुणाच्या बापानं जोडलेत?" तिचं बरोबर होतं असं मी कधी म्हणणार नाही. मला तिचा राग येतो, अजून येतो, आणि त्या रागाला जायला जागा नाही.

केंद्र पुढच्या मोठ्या गावाला गेलं. खोलीत पुन्हा खताची पोती आली. कासाबाई एकदा येऊन त्या पोत्यांकडे बघून गूळ घेऊन गेली. संक्रांतीच्या सुमाराला आक्काचा सासरा परत आला. या वेळी अण्णांजवळ सांगायला काही उरलं नव्हतं. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. अण्णांनी आत येऊन आक्काला विचारलंसुद्धा नाही. तीच पिशवी भरून बाहेर आली. जाताना तिनं फळा पुसला. मला वाटलं काही लिहील, पण नुसता स्वच्छ पुसला आणि खडू खिडकीत ठेवला.

माझं लग्न झालं, चांगलं झालं. आक्का त्याला आली होती, वाळलेली, हसत होती. पुढच्या पावसाळ्यात तिला ताप आला. तो ताप घरातच ठेवला त्यांनी, आणि अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात आणली तेव्हा ती कुणाला ओळखत नव्हती. डॉक्टरांनी खूप केलं, पण ती वाचली नाही. मी तिचा हात धरून बसले होते, आणि तिची बोटं चादरीवर हलत होती, टंकल्यासारखी. मला तसं वाटलं. कदाचित ती नुसती तापातली बोटं असतील.

पुढे मोबाईल आले. आता तर आमच्या गावातली म्हातारी माणसंही पारावर बसून मोंढ्याचा भाव अंगठ्यानं सरकवतात, अळीचा फोटो काढून कुठल्या कुठे पाठवतात, आणि कुणी कुणाला शिकवलं हे कुणाला आठवत नाही. अण्णांनाही माझ्या धाकट्या भावानं एक साधा मोबाईल घेऊन दिला होता. एका वर्षी दसऱ्यासाठी मी दोन दिवस आधीच माहेरी गेले होते. आदल्या आठवड्यात बैलांना पाणी पाजताना तो त्यांच्या खिशातून हौदात पडला होता. तो दुरुस्तीला नेला तर दुकानदारानं उघडून दाखवलं आणि सांगितलं, पाणी गेलं की संपलं काका, कितीही वाळवा. अण्णा मला हे सांगत होते, हसत नव्हते. पूजेचं पाणी चुलीवर तापत होतं.

"नंदे," म्हणाले, "येक इचारू? आक्काचं ते... पान्यानंच गेलतं का?"

मी चुलीत काटकी सारली. "न्हाई अण्णा," म्हटलं. "लाईटीनं गेलतं. आक्कानं सांगितलं व्हतं की सरांना. तुमी ऐकलं न्हाई का?"

"ऐकलं," अण्णा म्हणाले. "आक्का कशाला खोटं बोलंल."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. अंगणात त्यांनी रांग मांडली, नांगर, वखर, तिफण, विळे, तराजू, आणि शेवटी तो सागवानी पाट, रिकामा. माय सवयीनं कोमट पाण्याचा तांब्या घेऊन आली. अण्णांनी तो तिच्या हातातून घेतला आणि लांब तुळशीपाशी नेऊन ठेवला. मग खांद्यावरचं कोरडं फडकं काढलं, खाली बसले, आणि एकेक अवजार पुसायला लागले. पुढेही जगले तोवर दर वर्षी तसेच कोरडे पुसत राहिले, आणि का, हे आम्ही कुणी विचारलं नाही. त्या दिवशी सगळ्यात शेवटी त्यांनी पाट घेतला. तो पुसला. मग उलटा करून पाहिला, कुठे ओल राहिली नाही ना म्हणून, आणि परत पुसला.